सतरा वर्षांच्या पॉइंट गार्डला टॅग करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात एमएस करणारा एक मराठी विद्यार्थी चार मित्रांबरोबर कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचं फॅन पेज चालवतो. इन्स्टाग्रामवर ११,००० फॉलोअर्स आहेत. संघाचे प्रशिक्षक सध्या एका १७ वर्षांच्या पॉइंट गार्डच्या (चेंडू हाताळून संघाचा खेळ चालवणाऱ्या खेळाडूच्या) मागे आहेत आणि मुलाने अजून कॉलेज ठरवलेलं नाही. या पाच जणांच्या डोक्यात तीन बेत आहेत. त्याच्या नावाचा हॅशटॅग काढून एका संध्याकाळी हजारभर लोकांकडून त्याला टॅग करवायचं, त्याच्या आईला इन्स्टाग्रामवर मेसेज पाठवायचा, आणि वर्गणी काढून ५०० डॉलरची काहीतरी भेट पाठवायची. हे नियमात बसतं का, आणि याने खरंच फरक पडतो का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. पहिला बेत नियमांच्या धूसर पट्ट्यात येतो आणि फारसा कामाचा नाही. दुसरा करू नका. तिसऱ्याचं नावही काढू नका. पण या तिन्ही बेतांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, की पेजने त्या मुलाशी बोलायचं. माझ्या मते गाडी तिथेच चुकते. पेजने बोलावं आपल्याच लोकांशी, फक्त तो मुलगा शेजारच्या खोलीत बसून ऐकतोय असं धरून. वरवर पाहता फरक किरकोळ वाटतो, पण नियम आणि उपयोग या दोन्ही बाजूंनी सगळं त्यावरच ठरतं.

एका पोरासाठी एवढा आटापिटा का, हे ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असतात. डिव्हिजन १ च्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या, पुरुष संघांना कित्येक वर्षं १३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ पासून नव्या व्यवस्थेत जास्तीत जास्त १५ खेळाडूंचा संघ ठेवता येतो. एवढ्या छोट्या संघात एक चांगला गार्ड आला की हंगामाचा रंग पालटतो. जॉन वॉल २००९-१० मध्ये केंटकीकडून एकच हंगाम खेळला, संघाने ३५ सामने जिंकले आणि ३ हरले, आणि त्यानंतर तो २०१० च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्यामुळे फॅन लोकांची तळमळ समजण्यासारखी आहे.

याच जॉन वॉलच्या नावाने या विषयातलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण घडलं. वॉल हा नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहराचा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठही रॅलीतच. २००९ मध्ये तिथल्या एका विद्यार्थ्याने ‘वॉल, आमच्याकडे ये’ अशी विनवणी करणारा फेसबुक गट काढला. सातशेहून जास्त सदस्य झाले. विद्यापीठाच्या नियमपालन कचेरीने, ज्याला तिथे सगळे कम्प्लायन्स ऑफिस म्हणतात, त्या विद्यार्थ्याला पत्र पाठवलं की हे थांबव, ही नियमबाह्य भरती ठरू शकते. लगेच दुसरी बाजू उभी राहिली: सरकारी विद्यापीठ स्वतःच्या विद्यार्थ्याच्या बोलण्यावर असा लगाम घालू शकतं का? अमेरिकेच्या घटनेतल्या, भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या दुरुस्तीचा दाखला दिला गेला. वॉल गेला केंटकीला, आणि वाद तसाच लोंबकळत राहिला.

या प्रकरणातून शिकायचं ते असं की एनसीएए तुम्हाला, म्हणजे फॅनला, काहीही करू शकत नाही. ती कॉलेज खेळांचे नियम करणारी, सदस्य विद्यापीठांची खाजगी संघटना आहे. सरकारचा भाग म्हणून तिला धरता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये टार्केनियन खटल्यात सांगितलं. तिची काठी पडते ती विद्यापीठाच्या पाठीवर. आणि विद्यापीठावर पडली की त्याची झळ त्या मुलाला लागते, कारण नियमबाह्य मदत घेतली असं ठरलं तर विद्यापीठाला त्याला आधी खेळण्यास अपात्र म्हणून जाहीर करावं लागतं आणि मग पात्रता परत मिळवायला अर्ज करावा लागतो. म्हणजे खोडी तुमची आणि निस्तरणार तो. पाच मित्रांनी ‘आपलं कोण काय वाकडं करणार’ असा हिशोब मांडला तर तो कायद्याने बरोबरच आहे, पण ज्याला आणायचंय त्याच्याच पायात काटा घालणारा आहे.

आता एनसीएएच्या नजरेत तुम्ही कोण? इथे मला ठाम बोलता येणार नाही, कारण ते तुमच्या परिस्थितीवर ठरतं. त्यांच्या नियमांत एक संज्ञा आहे, बोलीभाषेत ‘बूस्टर’. क्रीडा विभागाला किंवा त्याच्या देणगीदार मंडळाला पैसे देणारा, खेळाडूंना किंवा त्यांच्या घरच्यांना नोकरी वा सोयी मिळवून देणारा, विभागाच्या सांगण्यावरून भरतीत हातभार लावणारा, हे सगळे त्यात येतात. शेवटी एक सैल कलम आहे: क्रीडा कार्यक्रमाच्या प्रचारात अन्य प्रकारे सहभागी असलेला कोणीही. काटेकोर वाचायचं म्हटलं तर ११,००० फॉलोअर्सचं पेज त्या वाक्यात सहज बसतं. शिवाय एकदा बूस्टर ठरलात की आयुष्यभर बूस्टर, पदवी घेऊन पुण्याला परत गेलात तरी. आणि बूस्टरने भरतीच्या हेतूने उमेदवाराशी किंवा त्याच्या घरच्यांशी संपर्क साधायचा नाही, हा नियम जुना आणि कडक आहे. तो कडक का झाला त्याला इतिहास आहे. बूस्टरांनी खेळाडूंना पैसे चारल्याच्या प्रकरणात सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा १९८७ चा अख्खा हंगाम रद्द झाला होता. तेव्हापासून बूस्टर म्हटलं की कम्प्लायन्सवाल्यांच्या पोटात गोळा येतो.

व्यवहारात मात्र साधा विद्यार्थी आणि साधा फॅन यांच्या मागे कोणी लागत नाही. लाखो लोक रोज ट्वीट करतात, कोणाकोणाला पत्रं पाठवणार? मी तपासताना तीन गोष्टी पाहतो. पहिली, पाचांपैकी कोणी क्रीडा विभागाला देणगी दिली आहे का, किंवा देणगीच्या बदल्यात जागा मिळतात त्या प्रकारचं हंगामी तिकीट घेतलंय का? विद्यार्थ्यांच्या साध्या तिकिटाने सहसा काही होत नाही. दुसरी, कोणी विभागात काम करतं का? व्हिडिओ टीममधली अर्धवेळ नोकरी, संघाचा विद्यार्थी मॅनेजर, तिकीट खिडकी, काहीही. असेल तर तो माणूस फॅन उरत नाही, कर्मचारी होतो, आणि त्याने या पेजवरून त्या मुलाबद्दल चकार शब्द काढू नये. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: विभागातलं कोणी तुम्हाला सूचना देतं का? सहायक प्रशिक्षकाने ‘आज सातला त्याला जरा प्रेम दाखवा’ असा निरोप धाडला, किंवा तयार ग्राफिक हातात दिलं, की तुम्ही त्यांचा लांबवलेला हात झालात. पेजवाले नेमके इथे घसरतात, कारण प्रशिक्षकाकडून मेसेज येणं म्हणजे छाती दोन इंच फुगते. तसा मेसेज आला तर उत्तर देऊ नका आणि ती पोस्टही करू नका.

एक बारीक नियम बहुतेक पेजवाल्यांना माहीत नसतो. करारावर सही होईपर्यंत प्रशिक्षक त्या मुलाबद्दल जाहीर बोलू शकत नाहीत. २०१६ पासून त्यांना सोशल मीडियावरच्या पोस्ट लाइक करायला आणि शेअर करायला मुभा मिळाली, पण ती पोस्ट स्वतःच्या कर्मचाऱ्याने किंवा बूस्टरने केलेली नसावी. त्यामुळे ‘कोच, एक रिट्वीट तरी’ म्हणून त्यांना टॅग करत बसू नका. तुम्ही बूस्टर ठरलात आणि त्यांनी अंगठा दाबला, तर छोटा का होईना, नियमभंग त्यांच्या नावावर लागतो.

आता तिन्ही बेत एकेक करून घेऊ.

पैशांचा आधी निकाल लावतो, कारण तिथे गैरसमज सर्वांत जास्त आहेत. ‘आता तर खेळाडूंना पैसे मिळतातच की’ हे अर्धवट खरं आहे. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःचं नाव, प्रतिमा आणि ओळख वापरू देण्याचे पैसे घेता येतात; यालाच सगळे एनआयएल म्हणतात. देणगीदारांनी त्यासाठी ‘कलेक्टिव्ह’, म्हणजे पैसे जमवून खेळाडूंना देणारी मंडळं, काढली. मे २०२२ मध्ये एनसीएएने बजावलं की भरतीचं आमिष म्हणून हे वापरायचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायालयाने त्या बंदीच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली, पहिल्या वर्षी वरची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. बाहेरच्या कोणाशी ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा एनआयएल करार झाला तर तो आता नोंदवून तपासून घ्यावा लागतो.

या सगळ्यात तुमचे ५०० डॉलर कुठे बसतात? कुठेच नाही. एनआयएल म्हणजे मोबदला. त्याने जाहिरात करायची, सही करायची, हजेरी लावायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. तुम्ही पाठवणार बूट किंवा गिफ्ट कार्ड, बदल्यात काही नाही, हेतू एवढाच की त्याने तुमचं कॉलेज निवडावं. याला भेट म्हणा नाहीतर खाऊ म्हणा, नियमांच्या भाषेत ते आमिषच. शिवाय तो अजून हायस्कूलमध्ये खेळतोय. प्रत्येक राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेचे भेटवस्तूंबद्दल स्वतःचे नियम आहेत आणि ते राज्यागणिक बदलतात. एका जोडी बुटापायी त्याचा बारावीचा हंगाम अडचणीत आला तर? पैसे द्यायचेच असतील तर कलेक्टिव्हला किंवा क्रीडा विभागाला रीतसर द्या, पण तसं केलंत की तुम्ही नक्की बूस्टर झालात आणि मग त्या मुलाबद्दलच्या पोस्ट पूर्ण बंद. पेज चालवणारे आणि पैसे देणारे हात वेगळे ठेवा.

आईला मेसेज हा बेत ऐकायला निरागस वाटतो. आपल्याकडे आई पटली की घर पटलं असं म्हणतात, आणि प्रशिक्षकही खरोखर आईवरच सर्वांत जास्त वेळ घालवतात. पण ते तिला नावाने ओळखतात, घरी जाऊन बसलेले असतात. तुमचा मेसेज म्हणजे अनोळखी प्रौढ माणसाने अल्पवयीन मुलाच्या आईला, मुलाच्या नावाने, खाजगीत लिहिलेलं पत्र. आणि तुम्ही एकटे नसता. ज्या ज्या कॉलेजने त्याला प्रस्ताव दिलाय त्या सगळ्यांचे फॅन हेच करत असतात. मुलाला थेट मेसेज केलात तर तो पोहोचेलच असंही नाही. सप्टेंबर २०२४ पासून इन्स्टाग्रामने १८ खालच्या मुलांची खाती ‘टीन अकाउंट’ केली आहेत. ती मुलं ज्यांना फॉलो करतात किंवा ज्यांच्याशी आधीच जोडलेली आहेत त्यांचेच मेसेज त्यांना येतात. नियम, शिष्टाचार आणि ॲप, तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात.

उरला हॅशटॅग. आपल्या खात्यावर आपलं मत मांडणं याला कोणी अडवत नाही. पण हजार टॅग एका संध्याकाळी म्हणजे काय होतं ते त्याच्या बाजूने बघा. चांगल्या खेळाडूकडे पंधरा-वीस कॉलेजांचे प्रस्ताव असतात. प्रत्येकाचे फॅन त्याच्या प्रत्येक फोटोखाली आपापल्या संघाच्या प्राण्याचे इमोजी टाकतात. कोणी वाघ, कोणी कोल्हा, कोणी बुलडॉग. कमेंटमध्ये राणीचा बाग उघडल्यासारखं दिसतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला मजा वाटते. मग तो सूचना बंद करतो, टॅगला मंजुरी लावतो, कमेंट फक्त ओळखीच्यांना उघड्या ठेवतो. म्हणजे हजार टॅगमधला त्याच्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा एकच: ज्यात कोणीतरी शिवी घातलेली असते, आणि ज्याचा स्क्रीनशॉट मित्राने पाठवलेला असतो.

मग तो कॉलेज कशावर निवडतो? पहिल्या वर्षी किती मिनिटं खेळायला मिळतील. मुख्य प्रशिक्षक पुढच्या वर्षी इथेच असतील का. ज्या सहायकाने दोन वर्षं फोन केले त्याच्यावर भरवसा आहे का. पैसे किती. घरापासून किती तास. उन्हाळ्यात ज्या क्लब संघाकडून खेळतो तिथला प्रशिक्षक काय म्हणतो. या यादीत फॅन नाही. फॅन येतो तो सगळ्यांत शेवटी, जेव्हा दोन कॉलेजं जवळपास सारखी वाटतात आणि ‘इथे राहायला कसं वाटेल’ हा प्रश्न उरतो. त्या प्रश्नाचं उत्तर तो पेजवरच्या विनवणीत शोधत नाही. कॉलेज पाहायला भेटीला येतो तेव्हा स्टेडियमचा आवाज ऐकतो, आणि घरी जाऊन फोनवर स्वतःचं नाव आणि तुमच्या कॉलेजचं नाव एकत्र शोधतो. पेजने काम करायचं ते या शोधासाठी.

म्हणून पेजवर काय टाकायचं ते सांगतो. दहा पोस्टमध्ये आठ-नऊ सध्याच्या संघावर. हे पेज आपल्या खेळाडूंना कसं वागवतं हेच तो पाहणार आहे. सामना हरल्यावर पहिल्या वर्षाच्या मुलावर तुमच्या कमेंटमध्ये दगडफेक होत असेल तर त्याच्या नावाचं कितीही देखणं पोस्टर व्यर्थ आहे. त्याला कळतं की पुढच्या वर्षी त्या जागी आपण असू.

उरलेल्या एक-दोन पोस्ट त्याच्याबद्दल, आणि त्या त्याला उद्देशून नाहीत. पॉइंट गार्डसाठी सर्वांत कामाची पोस्ट आकड्यांची असते: या प्रशिक्षकांच्या गेल्या तीन-चार हंगामांत पहिल्या वर्षाच्या गार्डना सरासरी किती मिनिटं मिळाली, किती असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) झाले, पुढे ते कुठे गेले. आकडे अधिकृत बॉक्स स्कोअरमधून, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यातून, घ्या आणि प्रतिकूल असतील तर ती पोस्ट करूच नका, फिरवून सांगू नका. त्याचे वडील आणि क्लबचा प्रशिक्षक तेच आकडे तुमच्याआधी पाहून बसलेत. २०२४ पासून खेळाडूला दरवर्षी कॉलेज बदलून लगेच खेळता येतं, त्यामुळे १८ वर्षांच्या नवख्याची जागा २२ वर्षांचा अनुभवी खेळाडू कधीही घेऊ शकतो. आजच्या गार्डच्या मनातली खरी धास्ती ही आहे, आणि तिच्यावर इमोजीचा काही उपयोग नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे आवाज. विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून उभा धरलेला फोन, यजमान संघाने सलग आठ-दहा गुण मिळवून पाहुण्यांना टाइमआउट घ्यायला लावला तो क्षण, २५ ते ३० सेकंद, वर संगीत नाही, मजकूर नाही. स्टोरी आणि रीलचं माप १०८० बाय १९२० पिक्सेल. काही लिहायचंच असेल तर वरचा आणि खालचा भाग मोकळा सोडा, तिथे ॲपची बटणं येतात. साध्या पोस्टसाठी १०८० बाय १३५०, आणि अक्षरं कडांपासून निदान १०० पिक्सेल आत, नाहीतर प्रोफाइलच्या चौकटीत नाव अर्धं कापलं जातं. मुलाचं नाव मजकुरात साध्या अक्षरांत पूर्ण लिहा, स्पेलिंग त्याच्या स्वतःच्या खात्यावरून उतरवून घ्या. टॅग करू नका. शोधणाऱ्याला ते नाव सापडतं आणि न शोधणाऱ्याच्या फोनवर घंटी वाजत नाही. चुकीचं स्पेलिंग हा या धंद्यातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लागणारा अपमान आहे.

त्याच्या फोटोवर तुमच्या संघाची जर्सी चढवून पोस्टर करायची फार हौस असते. टाळा. मूळ फोटो कोणा स्थानिक छायाचित्रकाराचा असतो आणि खाली नाव टाकणं म्हणजे परवानगी नव्हे. विद्यापीठाचा लोगो नोंदणीकृत चिन्ह असतो. आणि जर्सीतलं पोस्टर फिरत फिरत ‘याने ठरवलं’ अशी अफवा होऊन त्याच्याकडेच परत येतं, तेही दुसऱ्या कॉलेजच्या भेटीवर असताना. खेळाच्या क्लिप दाखवायच्या तर त्याने स्वतः हडलवर (खेळाडू आपल्या क्लिप ठेवतात त्या संकेतस्थळावर) ठेवलेल्या व्हिडिओचा दुवा द्या, उतरवून पुन्हा चढवू नका. पेजच्या परिचयात पहिल्याच ओळीत ‘अनधिकृत, विद्यापीठाशी संबंध नाही’ लिहा, आणि प्रोफाइल चित्रात लोगो ठेवू नका.

त्याच्या खाजगी गमतीजमती, जुनी ट्वीट, मित्रांबरोबरचे व्हिडिओ उचलून पसरवू नका, कौतुकानेसुद्धा. २०१२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका नामांकित हायस्कूल अमेरिकन फुटबॉलपटूला त्याच्या ट्वीटमुळे शाळेतून काढलं गेलं आणि त्याच्या मागे असलेल्या एका मोठ्या विद्यापीठाने हात आखडता घेतला. मुलगा स्वतः काय लिहितो ही त्याची जबाबदारी, पण शंभर लोकांपुरतं राहिलेलं वाक्य ११,००० जणांपुढे नेणारे तुम्ही असू नका. तसंच, त्याने कुठलं कॉलेज निवडलंय हे कानावर आलं तरी त्याच्या आधी फोडू नका. घोषणेचा दिवस, कॉलेजांच्या टोप्या मांडलेलं टेबल आणि त्यातली निवडलेली एक डोक्यावर, आजी पहिल्या रांगेत, हे त्याने महिनोन्महिने मनात रंगवलेलं असतं.

कमेंट सांभाळणं हे निम्मं काम आहे आणि ते कोणालाच नको असतं. त्याच्याबद्दलची पोस्ट टाकली की पहिले तीन तास दोघांनी पाळी लावून बसायचं. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये शब्द लपवायची सोय आहे. तिथे ५०-६० शब्दांची यादी आधीच भरून ठेवा: शिव्या, वंशभेदी शब्द, प्रतिस्पर्धी कॉलेजांची टोपणनावं, आणि मुलाच्या घरच्यांचे उल्लेख. वंशभेदी शिव्या येतात का असं विचारू नका, येतात. त्या काढायच्या, माणसाला ब्लॉक करायचं, उत्तर द्यायचं नाही. धमकी असेल तर स्क्रीनशॉट काढून ॲपवर तक्रार आणि कॅम्पस पोलिसांना कळवणं, त्यात संकोच नको. प्रतिस्पर्धी फॅनची पोस्ट उद्धृत करून टोमणा मारणं तुमच्या फॉलोअर्सना आवडेल, पण त्या भांडणात मुलाचं नाव तीस वेळा येतं आणि प्रत्येक वेळी वाईट शेजारात येतं.

तो भेटीला येणार असल्याचं कळलं तर? विद्यापीठाला त्याच्या भेटीची जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे धावफलकावर नाव झळकणार नाही. तुम्ही एवढंच करा की त्या दिवशी विद्यार्थ्यांचा स्टँड खेळ सुरू होण्याआधी ४५ मिनिटं भरलेला असेल. त्यासाठी पोस्ट करा ती सामन्याची, त्याच्या नावाची नव्हे. हातात त्याच्या नावाचे फलक धरायची कल्पना कोणीतरी काढणारच. काही कम्प्लायन्स कचेऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतःहून केलं तर सोडून देतात, काही फलक काढायला लावतात. म्हणून आधी विचारा.

विचारायचं कसं? कम्प्लायन्स ऑफिसचा ईमेल क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर असतो. सहा-सात ओळी पुरेत: आम्ही पाच विद्यार्थी, हे पेज, आमच्यापैकी कोणी विभागात नोकरीला नाही आणि कोणी देणगी दिलेली नाही. मग प्रश्न: तुमच्या वाचनानुसार आम्ही बूस्टर ठरतो का? हायस्कूलच्या खेळाडूचं नाव घेऊन पोस्ट करावी का? फलक चालतील का? विभागातल्या कोणी आम्हाला संपर्क केला तर काय करायचं? त्यांचं उत्तर बहुधा सावध आणि ‘करू नका’कडे झुकलेलं येईल, कारण त्यांचं कामच ते आहे. तरी ते जपून ठेवा. आणि त्यांनी एखादी गोष्ट स्पष्ट नको म्हटलं, तर घटनादुरुस्तीचे दाखले देत बसू नका. तुम्हाला खटला जिंकायचा नाही, गार्ड हवाय.

तुम्ही एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहात म्हणून एक वेगळी गोष्ट. पेज छंद म्हणून चालवणं ठीक. पण त्यातून पैसे मिळू लागले, म्हणजे जाहिरात, टी-शर्ट विक्री, एखाद्या कलेक्टिव्हकडून ‘कंटेंट करून दे, महिन्याला इतके देतो’ असा प्रस्ताव, तर ते काम ठरू शकतं. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. कॅम्पसबाहेरच्या कामाला सीपीटी किंवा ओपीटीसारखी परवानगी लागते. डॉलरचा आकडा छोटा आहे म्हणून माफी नसते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय एक पैसाही घेऊ नका. बाकीचे चार मित्र अमेरिकन नागरिक असतील तर त्यांना हा धोका नाही, त्यामुळे त्यांना तो सुचणारही नाही. लक्ष तुम्हालाच ठेवायचंय.

शेवटी त्या दिवसाची तयारी, जी कोणी करत नाही: त्याने दुसरं कॉलेज निवडलं तर. घोषणेच्या आदल्या रात्री त्याच्या नावाच्या सगळ्या शेड्यूल केलेल्या पोस्ट थांबवा, नाहीतर तो टीव्हीवर दुसरी टोपी घालत असताना तुमचं पेज ‘लवकरच’ म्हणत असतं. निकाल कळल्यावर दोन ओळींचं अभिनंदन, ग्राफिक नाही, कमेंट बंद. जुन्या पोस्ट पुसू नका, पण त्यांच्याखालच्या कमेंटही बंद करा, कारण चिडलेले लोक तिथे जाऊन बसतात. पाचांपैकी कोणाला फारच लागलं असेल तर त्या रात्री त्याच्याकडून पेजचा पासवर्ड काढून घ्या. दीड वर्षाने तोच मुलगा मिनिटं मिळत नाहीत म्हणून ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) येऊ शकतो, आणि तेव्हा तुमच्या प्रशिक्षकांचा फोन त्याच्या आईने उचलावा की नाही हे ठरवताना त्या रात्रीचे स्क्रीनशॉट तिच्या फोनमध्ये असतात.